पहाटे तीनचे वाचक

आमची बातम्यांची वेबसाइट छोटी. लिहिणारे दोघंच, आणि होस्टिंगचा खर्च गूगलच्या अॅडसेन्स या जाहिरातसेवेतून निघायचा. वर्षभर वाचकांचा आकडा जागचा हलला नव्हता. नेमका तेव्हाच एका ‘ग्रोथ एक्स्पर्ट’चा मेसेज आला. महिन्यात पाचपट ट्रॅफिक, तेही सगळं ऑरगॅनिक, म्हणजे गूगलच्या शोधातून आपसूक येणारं. गूगल न्यूजचं ‘अप्रूव्हल’ हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे. मी दोन्ही घेतलं. गूगल न्यूजसाठी २०१९ पासून अर्जच करावा लागत नाही, साइट आपोआप विचारात घेतली जाते, हे मला फार उशिरा कळलं. विकायला नसलेल्या वस्तूचे पैसे मी आगाऊ मोजले होते.

आठवड्यात आकडा उसळला. या क्षणी साइटवर किती जण आहेत ते दाखवणारं रिअलटाइमचं पान उघडून मी नुसता बघत बसायचो. खोटं कशाला बोलू, तो आकडा मला आवडत होता, म्हणूनच मी खोलात गेलो नाही.

शंका आली ती सहकाऱ्याला. ‘वाचक एवढे, मग बातमीतली चूक कळवायला एकही फोन कसा नाही?’ तेव्हा भेटींची नोंद ठेवणारं गूगल अॅनालिटिक्स नीट पाहिलं. पानावर थांबण्याची सरासरी वेळ दोन सेकंद. पहाटे तीनलाही दुपारइतकीच गर्दी. बहुतेक भेटी एकाच मापाच्या स्क्रीनवरून. गूगल अॅनालिटिक्स ओळखीचे बॉट, म्हणजे माणसाऐवजी भेटी देणारे प्रोग्राम, आपोआप गाळतं, पण हे त्याच्या ओळखीचे नसावेत. गूगलच्या शोधातून किती क्लिक आले ते दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये तर क्लिक पूर्वीइतकेच होते. वाचक खरोखर शोधातून येत असते तर ते तिथे दिसलेच असते. ती एक खिडकी मी पहिल्याच आठवड्यात उघडली असती तरी भागलं असतं. सर्व्हरचे लॉग, म्हणजे भेटींच्या नोंदी मागवल्या, तर बहुतेक आयपी पत्ते डेटा सेंटरचे, म्हणजे नुसते सर्व्हर ठेवलेल्या जागांचे. चहा पिता पिता बातमी वाचणारा माणूस डेटा सेंटरमधून कशाला येईल?

तोवर अॅडसेन्सची सूचना येऊन पडली होती: जाहिराती मर्यादित. पाठोपाठ खातं बंद, कारण ‘अवैध ट्रॅफिक’. साठलेली रक्कम अडकली. अपील केलं, ते फेटाळलं गेलं. ट्रॅफिक कोणीही पाठवलेलं असो, जबाबदारी खातेधारकाचीच, असा नियमच आहे.

त्या माणसाला फोन केला. आवाज अगदी शांत. ‘सर, आम्ही ट्रॅफिक देतो म्हणालो होतो, दिलं. वाचक देतो असं कुठे म्हणालो?’ करारपत्र काढून पाहिलं, खरंच कुठे म्हटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात दुसऱ्याच नावाने एक मेसेज आला. महिन्यात पाचपट ट्रॅफिक. मजकूर शब्दन् शब्द तोच, ‘ऑरगॅनिक’च्या स्पेलिंगमधली चूकसुद्धा तीच.