अजरख दुपट्टा घ्या, वारली चादरीचं मात्र थांबा

हातछपाई करणाऱ्या एका छोट्या स्टुडिओनं लोककलांवरचं नवं कलेक्शन काढलंय. त्यातला सुती अजरख (कच्छची नैसर्गिक रंगांतली ठसेछपाई) दुपट्टा आणि वारली चित्रांची चादर मी घेतली. दोन्ही वापरून, धुऊन झाल्यावर लिहितेय.

दुपट्टा अप्रतिम आहे. उलटा करून पाहा, मागेही तीच नक्षी तितकीच ठसठशीत. कच्छचे कारागीर याला बिपुरी म्हणतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी ठसे मारायचे आणि रेघेवर रेघ बसवायची. चांदणीभोवतीची पांढरी रेघ जवळून बघा. तो पांढरा रंग नाहीच, ते मूळ कापड आहे. चुना आणि डिंक लावून तेवढी जागा राखलेली असते. कापड आधी हिरड्यात भिजवतात, म्हणून गंज आणि गूळ आंबवून केलेल्या मिश्रणाचा ठसा पडला की काळा उमटतो. मग नीळ, आणि शेवटी तुरटी लावलेल्या जागी मंजिष्ठेचा लाल. हे करणारे बरेच खत्री कारागीर कच्छमधल्या धमडका गावचे. २००१च्या भूकंपानंतर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी भुजजवळ अजरखपूर वसवलं.

डिझायनरनं इथे हात आवरता घेतलाय, हे मला फार आवडलं. एकच चांदणी मोठी करून घेतली, मध्ये निळा भाग मोकळा सोडला आणि काठ मात्र जुन्या पद्धतीनं भरगच्च ठेवला. खांद्यावर घेतल्यावर तो काठच आधी नजरेत भरतो.

चादरीत ही समज दिसत नाही. तारपा या फुंकवाद्याच्या तालावरच्या नाचाचा एकच ठसा ओळीनं मारत नेलाय. वारली भिंतीवर तांदळाच्या पिठानं आणि बांबूच्या काडीनं काढलेली प्रत्येक आकृती वेगळी वाकते, नाचणाऱ्यांची रांग तारपेवाल्याभोवती वळत जाते. इथे ठशाची कड आली की ते वळणच तुटतं. नाचणाऱ्यांचे सुटे, लहान ठसे कोरून छापणाऱ्याच्या हाती दिले असते, तर रांग कापडभर फिरवता आली असती. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी (२०११ची पद्मश्री त्यांना मिळाली) कागदावरही ती लय टिकवली होती, तेव्हा भिंत सुटली म्हणून लय जायलाच हवी असं नाही.

उशीच्या अभ्र्यांवर लग्नचौक, म्हणजे वारली लग्नात भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र, छापलाय आणि मधली पालघट देवी काढून तिथे फूल बसवलंय. याचं मला खरंच वाईट वाटलं. ज्या देवीसाठी चौक लिहितात तीच नको असेल, तर चौक घेऊच नये, झाडं-पक्षी घ्यावेत.

धुण्याचं म्हणाल तर दुपट्ट्याची निळाई सुरुवातीच्या काही धुण्यांत पाण्यात उतरते, लाल पक्का आहे. वेगळा धुवा, रिठ्याचं पाणी चालेल, वाळवा सावलीत. हे पॅकेटवर कुठेच लिहिलेलं नाही, नुसतं ‘नैसर्गिक रंग’ एवढंच. एवढ्या मेहनतीच्या कापडासोबत कोणता रंग कशापासून केला आणि तो कोणी छापला, याची चिठ्ठी असायलाच हवी.