जिमनी घ्यायचं ठरलं. आता झेटा की अल्फा?

महिंद्राची थार की मारुतीची जिमनी हा वाद घरात मिटवून जे पुढे आले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. लॅडर फ्रेम म्हणजे काय, फोर-लो कधी टाकायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. आता उरला तो शोरूमच्या टेबलावरचा प्रश्न. व्हेरियंट दोनच, झेटा आणि अल्फा, त्यामुळे खरं तर निवड सोपी असायला हवी. पण विचारणाऱ्यांचे फोन थांबत नाहीत. मित्राची झेटा एक अख्खा पावसाळा माझ्याकडे होती. तो परदेशी होता, गाडी उभी राहून बॅटरी उतरेल ही त्याची काळजी होती, आणि माझी त्यात सोय झाली. पुढे स्वतःची घेतली. कोणती, ते ओघात येईलच.

आधी पैशाचं बघू. ७ जून २०२३ ला गाडी बाजारात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत झेटा मॅन्युअलला १२.७४ लाख आणि अल्फा मॅन्युअलला १३.६९ लाख होती. म्हणजे फरक ९५ हजारांचा. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स लागतो, वर विम्याचा थोडा फरक धरा, की हातात येईपर्यंत हा फरक लाखाच्या वर जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलल्यावर आकडे हलले आहेत, तेव्हा आजचा भाव शोरूममधूनच घ्या. दोन्हींमधलं अंतर मात्र मनात साधारण लाखाचं धरायला हरकत नाही.

याच दरपत्रकात एक गंमत आहे. ऑटोमॅटिकसाठी १.२० लाख जास्त मोजावे लागत होते, म्हणजे झेटा ऑटोमॅटिक १३.९४ ला आणि अल्फा मॅन्युअल १३.६९ ला. बरेच जण झेटा ऑटोमॅटिक पाहून येतात आणि मग ‘अल्फा परवडत नाही’ म्हणतात! डावा पाय ठणठणीत असेल आणि रोज हिंजवडीच्या गर्दीत रखडायचं नसेल, तर हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. चार गिअरच्या ऑटोमॅटिकबद्दल मी जास्त बोलत नाही. चिखलात ती उत्तम चालते, घाटात चढावर गिअर मागेपुढे करत राहते. मला मॅन्युअल आवडते, विषय संपला.

आता जे दोन्हीत सारखंच आहे ते लक्षात घ्या, कारण सेल्समन यावर पटकन पुढे सरकतो. १४६२ सीसीचं तेच इंजिन, टू व्हील, फोर व्हील आणि फोर-लो बदलायचा तोच ट्रान्सफर केसचा दांडा, पुढे-मागे त्याच सॉलिड अॅक्सल, २१० मिलिमीटरचा तोच ग्राउंड क्लिअरन्स. एक चाक हवेत फिरू लागलं की ब्रेक लावून दुसऱ्याला ताकद देणारी यंत्रणा दोन्हीत आहे. सहा एअरबॅग, घसरताना गाडी सावरणारं ईएसपी, उतारावर गाडीचा वेग आपणहून आवरणारं हिल डिसेंट, मागचा कॅमेरा, हेही दोन्हीत. बाकीच्या कित्येक गाड्यांत खालच्या मॉडेलला फोर व्हील ड्राइव्हच मिळत नाही किंवा एअरबॅगा कमी होतात. इथे तसं नाही. जिथे अल्फा चढेल तिथे झेटा चढेल, आणि झेटा रुतेल तिथे अल्फाही तितकीच रुतेल. तेव्हा ‘ऑफ-रोडला टॉप मॉडेलच लागतं’ असं कोणी सांगितलं तर चहा पिऊन बाहेर पडा.

झेटाची बाजू ऐकायची तर ती चाकांपासून सुरू होते. झेटाला लोखंडी रिम, अल्फाला अॅलॉय. टायरचा साइझ दोन्हीला तोच, १९५/८० आर १५. लोखंडी रिम दगडावर आपटून वाकली तर गावातला पंक्चरवाला हातोड्याने ठोकून हवा धरण्याइतकी सरळ करून देतो. अॅलॉयला तडा गेला की तसं काही करता येत नाही. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कोकणातल्या खडकाळ पठारावर, फिरणाऱ्यांना हे पटेल. शिवाय मूळचे टायर डांबरी रस्त्याचे आहेत. पहिल्या पावसात त्यांची नक्षी लाल चिखलाने भरते आणि मग चाक नुसतं फिरत राहतं. ते टायर आज ना उद्या बदलावे लागतातच. बरेच जण २१५/७५ आर १५ टाकतात. त्याने टायरचा व्यास दहा मिलिमीटरने वाढतो, म्हणजे गाडी प्रत्यक्षात पाचच मिलिमीटर उचलली जाते, तेव्हा उंचीचा मोह धरू नका. खरा फायदा वेगळा आहे: हा साइझ बोलेरोचा, त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या दुकानातही मिळून जातो. झेटात वाचलेल्या लाखात स्टेपनी धरून पाचही टायर होतात, वर हवा भरायचा कंप्रेसर, ओढायचा पट्टा, तो अडकवायच्या दोन कड्या (डी-शॅकल) येतात आणि तरी पैसे उरतात. हा हिशेब खोडून काढणं अवघड आहे. मीही खोडत नाही.

दिव्यांवर मात्र माझं मत थोडं द्विधा आहे. अल्फाला एलईडी हेडलॅम्प, त्यांच्यावर पाणी मारायचे वॉशर आणि फॉग लॅम्प मिळतात. झेटाला साधे हॅलोजन, फॉग लॅम्प नाही. मोकळ्या अंधाऱ्या रस्त्यावर, महाडच्या पुढे रात्री उशिरा, एलईडीचा फरक डोळ्यांना लगेच कळतो. आंबोलीच्या दाट धुक्यात तोच पांढरा उजेड समोर भिंतीसारखा उभा राहतो आणि हॅलोजनचा पिवळसर उजेड मला तरी सुसह्य वाटला. घाटातले जुने ड्रायव्हर हेच सांगतात. अल्फात फॉग लॅम्प असल्याने ती तूट भरून निघते. अल्फाचे दिवे ऑटोवर ठेवून निर्धास्त राहू नका. दिवसाच्या धुक्यात भोवताली उजेड असतो, त्यामुळे दिवे आपोआप लागतीलच असं नाही. बटण स्वतः फिरवायचं. वॉशर आधी मला शोभेचे वाटले होते. लाल चिखलातून तासभर गेल्यावर दिव्याच्या काचेवर जो थर बसतो तो पाहिल्यावर मत बदललं. पाणी मात्र भसाभस संपतं.

इथपर्यंत तागडी बरोबरीत आहे असं म्हणा, किंवा पैशामुळे झेटाकडे किंचित झुकलेली. माझी निवड झाली ती मात्र ज्याचा उल्लेख कोणत्याही तुलनेत तळाशी कुठेतरी असतो, त्या गोष्टीवर. ती गोष्ट म्हणजे बाजूचे आरसे.

दोन्ही गाड्यांत आरशाचा कोन बटणाने बदलता येतो. पण झेटात आरसा मिटायचा तो हाताने, आणि अल्फात बटणाने. लाखभर रुपयांच्या चर्चेत आरसा मिटायचं बटण म्हणजे काहीतरीच, असं वाटेल. मलाही शोरूममध्ये तसंच वाटलं असतं. पण आमचं गाव गुहागरच्या बाजूला आहे, आणि मुख्य रस्ता सोडल्यावर घरापर्यंत जाणारी वाट दोन्ही बाजूंनी जांभ्याच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, जाते. जिमनीची रुंदी १६४५ मिलिमीटर, म्हणजे अंगाने ती त्या वाटेत आरामात मावते. मावत नाहीत ते आरसे. उन्हाळ्यात एखाद्या ठिकाणीच अडतं. श्रावणात गडग्यावरून करवंदीच्या जाळ्या आणि बांबू आत झुकलेले असतात, तेव्हा दर थोड्या अंतरावर आरसा मिटावा लागतो.

आणि नुसता एकदा मिटून भागत नाही. डाव्या बाजूला वहाळ, म्हणजे ओढा आहे. आरसा मिटला की डावं मागचं चाक कडेपासून किती लांब आहे ते दिसत नाही. म्हणून अरुंद जागा आली की मिटा, सुटलात की उघडा, वळणावर परत मिटा. शेजारी कोणी बसलेलं असेल तर ‘आरसा घे रे आत’ म्हणायचं, प्रश्न मिटला. मी बहुतेक वेळा एकटाच जातो. मग काय करायचं? हँडब्रेक ओढायचा, बेल्ट काढायचा, डावी काच खाली करायची आणि आडवं होऊन हात बाहेर काढायचा. जिमनीत मध्ये दोन दांडे आहेत, एक गिअरचा आणि एक ट्रान्सफर केसचा, आणि दोन्ही बरगडीत रुततात. तोवर बाहेरचा पाऊस डाव्या सीटवर येऊन बसलेला असतो. काच वर, बेल्ट परत, गाडी पुढे. पन्नास पावलांवर पुन्हा तेच. त्यात दोष गाडीचा नाही, आमच्या वाटेचा आहे, हेही कबूल. पण गाडी त्याच वाटेसाठी घ्यायची होती ना?

दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर हाच अनुभव थोड्या सौम्य रूपात येतो. बोटीवर गाड्या एकमेकींना इतक्या चिकटून लावतात की खलाशी लांबूनच हाताने खूण करतो, आरसे आत घ्या. अल्फावाला बटण दाबतो. झेटावाला उजवा मिटतो आणि डावा मिटेपर्यंत शेजारची इनोव्हा येऊन टेकलेली असते. आतल्या रस्त्यांवर समोरून एसटी आली तर वेळ त्याहूनही कमी मिळतो. एसटीचा ड्रायव्हर आपल्या आरशासाठी थांबत नाही, आणि त्याने का थांबावं?

कोणी म्हणेल, लागू दे की फांदी, आरसा आपोआप मागे दुमडतो. दुमडतो, खरं आहे. फांदीने दुमडतो तसा दगडानेही दुमडतो, फक्त त्यावेळी काच शिल्लक राहत नाही. उलट बाजूने हेही सांगायला हवं, की मोटरचा आरसा म्हणजे बिघडायला आणखी एक वस्तू. चिखल आणि खारी हवा यांत ती मोटर किती वर्षं टिकेल, हे वेळ आल्यावर दिसेल. अजून तरी कुरकुर नाही.

हा आरसा मनात इतका का बसला, याचा विचार केला तेव्हा एक सोपी कसोटी सापडली. अल्फात जे जास्तीचं मिळतं त्यातलं काय बाहेरून, नंतर, स्वस्तात बसवता येतं? अॅलॉय बसवता येतात, हवे असतील तर. मोठा स्क्रीन बसवता येतो. झेटातला सात इंची आहे, अल्फातला नऊ इंची, आणि दोन्हीवर ताम्हिणीत रेंज जातेच. स्टिअरिंगचं चामड्याचं कव्हर तर सिग्नलवरसुद्धा मिळतं. पण हेडलॅम्प? हॅलोजनच्या भांड्यात बाजारातले एलईडी बल्ब घुसवले की समोरच्याच्या डोळ्यांत झगझगाट होतो आणि आपल्याला रस्त्यावर काही जास्त दिसत नाही. शिवाय गाडीत मूळ रचनेपासून केलेले बदल हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा विषय आहे; आरटीओचा अधिकारी त्या दिवशी कसा उठला असेल यावर ते सोडू नये. आरशाची मोटर बसवायची तर दरवाजाच्या आतल्या वायरिंगला हात लावावा लागतो. नव्या गाडीच्या वायरी कापायला माझं मन होत नाही, आणि वॉरंटीचा वाद वेगळाच.

उरलेलं थोडक्यात. क्रूझ कंट्रोल अल्फातच आहे. समृद्धीवर त्याने पायाला आराम मिळतो, पण शंभरच्या पुढे हे इंजिन पाच गिअरांत बऱ्यापैकी ओरडतं, तेव्हा लांबच्या सरळ रस्त्याचं सुख या गाडीत फार शोधू नका. ऑटोमॅटिक एसी असला-नसला सारखाच. पावसात काचेवर वाफ धरली की मी दोन्हीत हातानेच फिरवतो. अल्फा बटणाने सुरू होते, झेटा चावीने; इथे उलट झेटाच मला आवडते. ओढ्यात उतरायचं, धबधब्याखाली जायचं, तर खिशात साधी चावी असलेली बरी. अल्फाची चावी मी झिपलॉकच्या पिशवीत ठेवतो आणि घरचे हसतात.

झेटा कोणी घ्यावी? गाडी घेतल्या घेतल्या ज्यांना टायर, रिम, बंपर, सस्पेन्शन सगळंच बदलायचं आहे, त्यांनी वरचे पैसे कशाला द्यावेत? ज्यांच्या शेजारी नेहमी कोणीतरी असतं, तिलारीच्या जंगलात किंवा गडाच्या पायथ्याशी चार-पाच गाड्यांच्या घोळक्यात जे जातात, त्यांनाही झेटा पुरते. शिवाय कर्ज काढून घेत असाल तर त्या लाखावरचं व्याजही धरा. माझ्या मित्राला आजही स्वतःची झेटा प्रिय आहे, आणि आरशाबद्दल मी बोलू लागलो की तो विषय बदलतो. त्याची वाट रुंद आहे.

माझी अल्फा आहे, मॅन्युअल, एका रंगाची. दोन रंगांसाठी त्या वेळी १६ हजार जास्त पडत होते. ते पैसे मी टायरच्या खात्यात ढकलले.

बुकिंगपूर्वी एक करा. टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले बहुधा अल्फाच पुढे करतात. झेटा चालवायला मागा, नसेल तर कोणा ओळखीच्याची मिळवा, आणि एकट्याने, शेजारी सेल्समन न बसवता, तुमच्या नेहमीच्या वाटेवर न्या. जाताना डावा आरसा मिटायची वेळ एकदाही आली नाही, तर लाख रुपये ठेवा खिशात आणि टायरवाल्याला फोन करा.