आईच्या गुडघ्यातून ‘पू’ काढला आणि १,८५,००० रुपये नेले

लिहायला लाज वाटते, तरी लिहितेय. दवाखान्याबाहेर आईला घेऊन बसले होते, तेव्हा एक सभ्य दिसणारा माणूस जवळ आला. “माझ्या आईचंही असंच होतं, आता जिने चढते.” पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. दुसऱ्या दिवशी ‘डॉक्टर’ घरी हजर. गुडघ्यावर ब्लेडने बारीक चिरा, त्यावर तांब्याची नळी, तोंडाने ओढायचं आणि पांढऱ्या वाटीत घट्ट पिवळा थेंब टाकायचा. थेंबाला ३,००० रुपये. मोजायला मलाच बसवलं.

डाव्या गुडघ्याचे ४७ थेंब झाले. मग म्हणाला, उजवाही बघू. आईचा उजवा गुडघा आयुष्यात एक दिवस दुखलेला नाही. त्यातूनही २४ थेंब निघाले, तसेच, त्याच रंगाचे. आणि मी वाटीवर वाकून मोजतेय, बावीस, तेवीस... तिथेच नळी हिसकावून घ्यायला हवी होती! २,१३,००० झाले, ‘सूट’ देऊन १,८५,००० घेतले. ६०,००० रोख, १,२५,००० खात्यावर.

मी अडाणी नाही. पण तीन महिने रात्र रात्र आईचं कण्हणं ऐकलंय.

सांध्यात खरंच पू झाला तर गुडघा सुजतो, गरम होतो, हलवता येत नाही, बहुतेकदा तापही येतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं लागतं. सांध्यातलं पाणी काढायचं तर निर्जंतुक सुई थेट पोकळीत घालतात, कातडीवरच्या चिरेतून ते येत नाही. आणि कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजली म्हणून पू होत नाही. घरी येणाऱ्याचा नोंदणी क्रमांक आधी विचारा, दार उघडण्याआधी.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “पैसे तुम्हीच दिलेत ना?” मग पावती मागितली. सायबरकडे पाठवलं, तर ते म्हणाले, माणूस घरी आला होता, हे आमच्याकडे येत नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. चार फेऱ्यांनंतर हातात फक्त अर्जाची पोच. खाते क्रमांक दिला, फोन नंबर दिला, आता त्याला धरूनही मीच आणायचं का?

शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी आईला उताणं झोपवून पाय आतल्या बाजूला वळवला, तशी ती किंचाळली. गुडघे वयाच्या मानाने ठीक आहेत. झिजलाय तो डावा खुबा. काही नसा खुबा आणि गुडघा अशा दोन्हीकडे जातात, म्हणून खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. कुणाला वाकून पायाची नखं कापता येत नसतील तर खुब्याचाही एक्स-रे काढा. जांघेत कळ येते, असं आई केव्हापासून सांगत होती. आम्ही गुडघ्यालाच तेल चोळत बसलो.