डस्टरच्या मागच्या दारावर ‘एडब्ल्यूडी’, गाडीखाली मात्र काहीच नाही

राजापूर तालुक्यातील आमच्या घराकडे जाणारा शेवटचा दीड किलोमीटर रस्ता कच्चा आणि चढाचा आहे, पावसाळ्यात तेथे तांबड्या मातीचा नुसता राडा होतो. वडिलांना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावे लागते, म्हणून चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी घ्यायचे आम्ही ठरवले आणि गेल्या मार्चमध्ये एका सेकंडहँड विक्रेत्याकडून 2016 सालची रेनो कंपनीची डिझेल डस्टर 5 लाख 90 हजारांना घेतली. त्याच वर्षाच्या, फक्त पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या साध्या डस्टर लाखभराने कमी किमतीत मिळत होत्या; तो फरक आम्ही समजून-उमजून मोजला.

मागच्या दारावर ‘एडब्ल्यूडी’ (ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद) असे ठळक अक्षरांत लिहिले होते आणि गिअर सहा होते. चार चाकांसाठी वेगळे बटण कुठे आहे, असे मी विचारले तेव्हा विक्रेता म्हणाला, “साहेब, सिस्टीम ऑटोमॅटिक आहे. चाक घसरलं की मागची चाकं आपोआप जोर घेतात.” हे अर्धसत्य होते आणि त्यानेच आमचा घात केला. डस्टरची ऑल व्हील ड्राइव्ह ‘ऑटो’वर ठेवली की खरोखरच तसेच चालते, परंतु त्या गाडीत गिअरच्या परिसरात टूडब्ल्यूडी (फक्त पुढची दोन चाके), ऑटो आणि लॉक (चारही चाके) असे तीन टप्पे असलेला गोल खटका असतोच असतो. आमच्या गाडीत तो नव्हता. सहा गिअर तर 110 पीएसच्या (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचे एकक) साध्या डस्टरलाही असतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर चक्कर मारून दोन्हींतला फरक सहसा कळत नाही, त्यामुळे तशी चक्कर मारून निर्धास्त होऊ नका.

जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर वडिलांना घेऊन येताना गाडी चढावर अडकली. पुढची चाके घरघर फिरत चिखल उडवत होती, मागून ढकलणारा भाऊ ओरडला, “दादा, मागचं चाक फिरतच नाही!” मी उतरून पाहिले, तर मागच्या टायरच्या खाचेत अडकलेले फणसाचे पान जिथल्या तिथे होते. वडिलांना खुर्चीत बसवून चौघांनी वर नेले.

गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवल्यावर सगळे उघड झाले. ऑल व्हील ड्राइव्ह डस्टरमध्ये पुढच्या गिअरबॉक्सपासून ताकद मागे नेणारा लांब दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट असतो, मागे ती ताकद दोन चाकांत वाटणारा डिफरन्शियल असतो आणि मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन असते. आमच्या गाडीखाली यांतले काहीच नव्हते, दोन मागच्या चाकांना जोडणारा एक आडवा लोखंडी बीम तेवढा होता. अक्षरे नंतर चिकटवलेली होती. पैसे देण्यापूर्वी मेकॅनिकने गाडीखाली पाच मिनिटे बॅटरी मारली असती, तरी हे टळले असते. आरसीवरच्या मॉडेलच्या नावात आणि जुन्या विम्याच्या कागदावरही एडब्ल्यूडी हा शब्द नव्हता. आम्ही दोन्हींवर फक्त मालकाचे नाव पाहिले होते.

‘फोर बाय फोर’ या शब्दानेही फसू नका. थारच्या फोर बाय फोर गाडीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) आणि लो रेंज (अगदी कमी वेगात जास्त जोर देणारी गिअरची सोय) असते. खऱ्या ऑल व्हील ड्राइव्ह डस्टरमध्येही लो रेंज नाही, तिचा पहिला गिअर तेवढा जास्त ताकदीचा आहे. आमच्यासारख्या चढाला ती पुरते, पण नदीपात्रातून गाडी घालायची असेल तर गरज वेगळी आहे.

विक्रेत्याने पैसे परत करण्यास नकार दिला आणि पावतीवरचे ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द पुढे केले. आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. तेथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. मागच्या मालकानेच ती अक्षरे लावली असतील, असे विक्रेत्याचे लेखी उत्तर आले आहे. सुदैवाने ‘चारही चाकांची ओरिजिनल एडब्ल्यूडी’ असे लिहिलेली त्याची जाहिरात मी खरेदीपूर्वी भावाला पाठवण्यासाठी मोबाइलवर टिपून ठेवली होती. आमची तक्रार गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने ती काढून टाकली.