लिथियम सेलवर आठ महिने: बीपीचं मशीन, गिझर आणि वाया गेलेला वजनकाटा

फोंड्याच्या आमच्या घरात पावसाळ्यात सगळ्यात आधी गंजतात ते सेलचे कप्पे. गेल्या जुलैत बाबांचं बीपीचं मशीन उघडलं तर स्प्रिंगांवर पांढरी भुकटी चढलेली. एक अल्कलाइन सेल पाझरला होता. ही भुकटी आंबटाने जाते. आईने माडाच्या व्हिनेगरची बाटली पुढे केली, वर "लोणच्यापुरतं ठेव हां" अशी ताकीद. कापसाच्या काडीने चोळून चोळून मशीन वाचवलं आणि त्याच दिवशी ठरवलं, हे वापरून फेकायचे सेल आता घरातून हद्दपार. दसऱ्याला सुरुवात केली. आता जून लागलाय.

घेतले ते टाइप-सी भोक असलेले 1.5 व्होल्टचे लिथियम सेल, डबल ए (पेन्सिल सेलच्या) आकाराचे, चारांचं पाकीट साधारण बाराशेला. आत खरा सेल 3.7 व्होल्टचाच असतो. त्याच्या डोक्यावरचं चिमुकलं सर्किट तो दाब 1.5 वर उतरवून देतं. पाकिटावरच्या 3600 या आकड्याला मी भुललो होतो. ते एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप, नव्हे; एमडब्ल्यूएच, म्हणजे ऊर्जेचं. 1.5 ने भागा, 2400 एमएएच उरतात. आणखी एक गंमत: दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने माझे सेल चार्जच होत नाहीत. दोन दिवस मी ते खराब समजून परत पाठवायच्या तयारीत होतो. जुन्या चार्जरची, एका टोकाला चपटी यूएसबी पिन असलेली केबल लावली आणि दिवा लागला.

बीपीच्या मशीनसाठी मात्र पैसे वसूल. त्यात चार सेल, म्हणजे 6 व्होल्ट. पूर्वी निकेलचे रिचार्जेबल घालून पाहिले होते, ते 1.2 चे, चार मिळून 4.8, पट्टा फुगायला लागला की मशीन लगेच बॅटरी संपल्याची खूण दाखवायचं. लिथियमवर ते नव्यासारखं चालतं. बाबा दिवसातून दोनदा बीपी बघतात, तरी एका चार्जमध्ये पाच आठवडे निघतात.

या सेलची खोड गिझरने दाखवली. आमचा गॅस गिझर दोन मोठ्या सेलवर ठिणगी पाडतो. मोठ्या सेलच्या आकाराची प्लॅस्टिकची टोपणं मिळतात, त्यात डबल ए घालून बसवले. साधा सेल संपायला आला की आठवडाभर आधी कळतं. टक-टक संथ होते, दोन-तीनदा नळ उघडबंद करावा लागतो. हे लिथियमवाले शेवटच्या थेंबापर्यंत 1.5 देतात आणि मग एकदम शून्य. जानेवारीतल्या एका सकाळी बाबा डोक्याला साबण लावून उभे होते आणि गिझर गप्प. आतून हाक आली, "तुझी ती नवी सायन्सं बाहेर काढ आधी!" अंगणातल्या चुलीवर पाणी तापवून दिलं. बीपीच्या मशीनचंही तसंच: बॅटरीचं चित्र कायम भरलेलं, आणि एके दिवशी अर्धा फुगलेला पट्टा तसाच राहतो.

उलट, हाताने बदललेला कंदील जास्त प्रामाणिक निघाला. तीन मोठ्या सेलचा जुना एलईडी कंदील, एरवी 4.5 व्होल्टवर चालणारा. तिथे एकच उघडा, म्हणजे दाब उतरवणारं सर्किट नसलेला, लिथियम सेल पुरतो, भरल्यावर 4.2. मी 18650 घेतला. त्या आकड्यातच माप आहे, 18 मिलिमीटर जाड, 65 लांब. मोठ्या सेलची जागा जेमतेम 61-62 ची, उभा बसेना. मग कप्प्यातल्या मधल्या भिंती तापवलेल्या सुरीने कापल्या आणि होल्डरसकट आडवा बसवला. सेलवर थेट डाग देऊ (सोल्डरिंग करू) नका, होल्डरच घ्या. चार्जिंगला टीपी4056 नावाच्या चिपची छोटी सर्किटची पट्टी, संरक्षण असलेली. बाहेर जाणाऱ्या तारांसाठी वेगळ्या दोन जागा असतात ती. लाल दिवा म्हणजे चार्ज होतंय, निळा म्हणजे झालं. दाब उतरत जातो तसा उजेड मंद होत जातो, म्हणजे सेल स्वतःच सांगतो की आता मला लाव. मेच्या शेवटच्या वादळी पावसात दोन रात्री वीज नव्हती, हाच एक कंदील पुरला.

वजनकाट्याची चूक माझीच. 14500 नावाचे सेल डबल एच्याच आकाराचे असतात, स्वस्त मिळाले म्हणून मागवले. त्यांच्यात दाब उतरवणारं सर्किट नसतं. तीन व्होल्टच्या काट्याला दोन मिळून आठाच्या वर व्होल्ट दिले. पडद्यावर एकदा सगळ्या रेघा उमटल्या, मग काटा कायमचा गेला. आई अजून पोह्यांचं माप वाटीने घेते आणि माझ्याकडे बघते.

भिंतीवरच्या घड्याळात लिथियम घालू नका. घड्याळ खातं नाममात्र, पण सेलमधलं सर्किट जागं राहायलाच चार्ज संपवतं. माझं तीन महिन्यांत थांबलं. पंधरा-वीस रुपयांच्या साध्या सेलवर तेच वर्षभर चालायचं. टीव्हीच्या रिमोटचंही तेच. रेडिओत घातले तर मीडियम वेव्हवर सतत किणकिण, सर्किटच्या गोंगाटाची. एफएमला फरक जाणवला नाही, पण बाबा एफएम ऐकत नाहीत, त्यामुळे रेडिओ पुन्हा साध्या सेलवर.

गिझरमधून ते सेल काढू का, असं विचारलं तर बाबाच नको म्हणाले. आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर सिलिंडर लावल्याच्या तारखेखाली ते पेन्सिलीने "सेल" असं लिहून ठेवतात, आणि सिलिंडर बदलला की मला खालून हाक मारतात.