स्नायडर, मार्टिनी-हेन्री की .303: जुन्या ब्रिटिश काडतुसांचा संग्रह कुठून सुरू करावा?

बुडावरचा ठसा वाचून वर्ष सांगायची हौस असेल, तर .303 (रायफलीच्या नळीचा व्यास इंचांत; या तिघांतले सर्वांत नंतरचे काडतूस) घ्या. बांधणी पाहून काळ ताडण्यात मजा वाटत असेल, तर स्नायडर किंवा मार्टिनी-हेन्री. नवख्याने दोन्हीकडे एकदम हात घालू नये.

स्नायडर (1866, .577) आणि मार्टिनी-हेन्री (1871, .577/450) या रायफलींची काडतुसे ही चुलत भावंडे. दोन्ही लंडनच्या वुलिच शस्त्रागारातल्या कर्नल बॉक्सर यांच्या पद्धतीची: पातळ पितळी पत्र्याची गुंडाळलेली पुंगळी, खाली लोखंडी तबकडी. दोघांच्या बुडाची कड सुमारे 19 मिमी, म्हणून नुसते बूड मोजून काही कळत नाही. कॅलिपर तोंडाला लावा. स्नायडरची पुंगळी सरळ, गोळी साधारण 14.5 मिमी. मार्टिनीची मानेशी आवळलेली, गोळी तिच्याभोवतीचा कागद धरून साधारण 11.5 मिमी.

लष्करी गुंडाळीच्या काडतुसावर सहसा ठसा नसतो. बुडावर ‘577/450’ असे छापलेले दिसले, तर तो नागरी विक्रीचा माल समजा. मार्टिनीचे वय सांगायला चुंबक पुरतो: बुडाला चिकटला तर गुंडाळीची, नाही तर बहुधा अखंड ओढलेल्या पितळेची. गुंडाळीचा पत्रा तापलेल्या चेंबरमध्ये चिकटे, रिकामी पुंगळी ओढून काढणारा आकडा नुसते बूड उपटून आणी आणि पुंगळी आत राही. सुदानच्या मोहिमेत हे फार भोवले, म्हणून 1885 च्या सुमारास अखंड पुंगळी आली. बुडावर 24 गेज (शिकारी बंदुकीच्या नळीचे माप) लिहिलेले असेल, तर ती आजच्या शिकारी बंदुकीची पुंगळी आवळून केलेली आहे; जुन्याचा भाव देऊ नका.

.303 मध्ये अंदाज कमी, वाचन जास्त. सुरुवातीला काळी दारू, 1891 पासून कॉर्डाइट (बिनधुराची दारू). ठशातला ‘C’ म्हणजे कॉर्डाइट, रोमन आकडा म्हणजे मार्क (काडतुसाची आवृत्ती). ‘C’ आहे आणि वर्ष नाही, तर साधारण 1907 पूर्वीचे. त्यानंतर वर्षाचे शेवटचे दोन अंक येऊ लागले. मार्क 6 (1904) ची गोळी बोथट, 215 ग्रेनची. मार्क 7 (1910) ची टोकदार, 174 ग्रेनची. बुडाच्या मधोमध बसवलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीभोवतीचे जांभळे कडे साध्या गोळीचे, लाल ट्रेसरचे (उडताना जळती रेघ दाखवणाऱ्या गोळीचे), हिरवे चिलखतभेदीचे. कारखान्याच्या अक्षरांत हमखास घोटाळा होतो: नुसता ‘K’ म्हणजे बर्मिंगहॅमचे कायनॉक, ‘K’ आणि ‘F’ च्या मध्ये बाण असेल, तर आपल्या पुण्याजवळची खडकी. मराठी संग्राहकाने पहिले .303 खडकीचेच घ्यावे, असे आमचे मत.

टिकण्यात मात्र .303 निर्धोक नाही. ओढलेल्या पितळेत ताण उरतो; पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसे घोड्यांच्या मुताच्या अमोनियाने मानेशी तडकत. तशी बारीक उभी चीर भिंगाखाली शोधा आणि अमोनियाचे पॉलिश लावू नका. गुंडाळीच्या पुंगळीला चिंच-मीठ तर नकोच: जस्त सुटून लालसर डाग उठतात आणि पत्रा जेमतेम 0.1 मिमीचा. तिथे बुडाचा गंज बघा; तबकडी फुगून पत्रा उसवला असेल, तर सोडून द्या.

भारतात परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणे शस्त्र अधिनियम 1959 खाली गुन्हा आहे. जिवंत काडतूस घरी खोलून निकामी करायला जाऊ नका. रिकामी पुंगळी असली तरी विमानाच्या सामानात ठेवू नका.