साठीनंतरची सायकल: खाली दांड्याची, उंच हँडलची, आठ महिने वापरून

वय ६२. कॉलेजपर्यंत रोज सायकल होती, मग मध्ये चाळीसेक वर्षं काहीच नाही आणि मागच्या वर्षी परत सुरू केली. ही त्यानंतरची दुसरी सायकल. पहिली चुकली, तर आधी तिचंच सांगतो कारण बरेच जण तिथेच फसतात.

पहिली घेताना मी दिसण्यावर गेलो. हलकी, बारीक टायरची, पुढे वाकून बसायची. दुकानाबाहेर एक चक्कर मारली तेव्हा मस्त वाटली पण पाच मिनिटांची चक्कर वेगळी आणि पाऊण तास चालवणं वेगळं. महिन्याभरात मान धरली, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या, कारण अंगाचं वजन हातावर येतं आणि तळव्याच्या कडेची नस दाबली जाते. आणि उतरताना मागून टांग काढायची तर पाय कॅरिअरला अडकेल ही धास्ती कायम. एकदा अडकलाच, उभ्या सायकलसकट आडवा झालो. लागलं फार नाही पण दोन आठवडे सायकलला हात लावला नाही. आपल्या वयात चालवताना पडण्यापेक्षा चढता-उतरताना पडण्याची भीती जास्त, असं माझं तरी पक्कं मत झालंय.

म्हणून ही घेतली, खाली दांडा असलेली, जिला आपण लेडीज सायकल म्हणायचो. आता तिला स्टेप थ्रू म्हणतात आणि बाई-पुरुष सगळ्यांसाठी बनवतात. पाय समोरून घालायचा आणि बसायचं, बस. मागे पिशवी बांधलेली असली तरी फरक पडत नाही. फक्त ह्या एका गोष्टीसाठी मी ही सायकल परत घेईन.

हँडल उंच आणि मागे वळलेलं आहे त्यामुळे ताठ बसता येतं, मुंग्या गेल्या, मानही मोकळी. पण ताठ बसलं की सगळा भार सीटवर येतो, आणि इथे मी परत चुकलो. सोबत आलेली सीट टोचायला लागली म्हणून एकदम मऊ जेलचं कव्हर चढवलं, तर अर्ध्या तासात आणखी वाईट! मऊ सीटमध्ये आपण रुततो आणि जिथे दाब यायला नको तिथे येतो. बसताना भार खालच्या दोन हाडांवर यायला हवा. घरी कडक खुर्चीवर पुठ्ठा ठेवून त्यावर थोडं पुढे झुकून बसलो, दोन खळगे पडले, त्यांच्या मधलं अंतर मोजलं आणि त्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर रुंद, जरा टणक अशी सीट घेतली. पहिला आठवडा कडक वाटली, आता आठवतही नाही की सीट आहे.

गुडघ्यांचं जरा नीट सांगतो. आपल्याला वाटतं दोन्ही पाय जमिनीला टेकले म्हणजे सेफ, म्हणून सीट खाली ठेवतो, आणि मग प्रत्येक पॅडलला गुडघा जास्त वाकून पुढच्या बाजूला दुखायला लागतो. पॅडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा, मग चवड्याने चालवताना गुडघा आपोआप थोडासाच वाकतो. मी सीट इंच-दीड इंच वर घेतली आणि दुखणं बरंच कमी झालं. ज्यांना पाय टेकल्याशिवाय चालतच नाही त्यांनी पॅडल थोडे पुढे असलेल्या सायकली बघा, इलेक्ट्राची टाउनी त्या प्रकारात येते. त्यात पाय पुरेसा लांबतोही आणि थांबलं की टेकतोही.

गिअर मागच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या जाड भागाच्या आत आहेत, शिमानो कंपनीचे नेक्सस, सात स्पीड. थांबलेलं असतानाही गिअर बदलता येतो, हे मला फार आवडलं. नाहीतर सिग्नलला जड गिअरमध्ये अडकलो की निघताना गुडघ्यावर जोर. आता हलक्या गिअरमध्ये भराभर पाय मारतो. खड्या चढाला मात्र हे सात कमी पडतात, तिथे मी सरळ उतरून चालतो.

टायर ४७ मिलिमीटर रुंद. हवा ४० ते ४५ पीएसआय ठेवतो, आधीच्या बारीक टायरला ९० लागायची. पुढच्या शॉकअपपेक्षा रुंद टायरनेच दणके जास्त कमी होतात असा माझा अनुभव, साधा शॉकअप म्हणजे उगाच वजन.

आता न आवडलेलं. वजन १७ किलो, जिने चढवून नेणं माझ्याच्याने होत नाही. समोरून वारा असला की ताठ बसल्यामुळे सगळा छातीवर येतो. साइड स्टँड अगदीच कमकुवत, पिशवी लटकवली की सायकल कलंडायची, शेवटी दोन पायांचा स्टँड लावून घेतला. मागचं पंक्चर काढणं म्हणजे नट, गिअरची केबल सगळं सोडवा.

फिजिओथेरपिस्टने एक सांगितलं ते इथे लिहितो, सायकलने गुडघ्यांवर भार कमी येतो हे चांगलं पण तेवढाच कमी भार हाडांवरही येतो, त्यामुळे हाडं मजबूत राहायला चालणं चालू ठेवा. म्हणून आठवड्यातून तीन दिवस सायकल आणि बाकी दिवस चालतो.

आरसा लगेच लावून घ्या, मान पहिल्यासारखी मागे वळत नाही. आणि दुकानात गेलात तर रोजचेच बूट घालून जा, चक्कर मारायच्या आधी जागच्या जागी दहा वेळा चढा-उतरा, दहाव्यांदाही पाय सहज निघाला तर मग पुढचं बघा.